वळिवडे ते बैलकुप्पे : परक्या लेकरांची दोन गावे

आपल्याकडे गावाहून पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी नंजुंडेश्वराचे दर्शन आणि कपिला नदीचा घाट, दुसऱ्या दिवशी म्हैसूरचा राजवाडा आणि चामुंडी, आणि तिसऱ्या दिवशी हुणसूरवरून बैलकुप्प्याचे सोनेरी मंदिर. तिथे लाल वस्त्रांतले छोटे लामा पाहून पाहुण्यांचे मोबाईल बाहेर निघतात, मोमो खाल्ले जातात, आणि संध्याकाळी परत. या लहान मुलांना इथे कोणी आणले, त्यांचे कोणी केले, हे सहसा कोणी विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारले नव्हते.

तसेच कोल्हापूरकडच्या मंडळींना गांधीनगर ठाऊक नाही असे होणार नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा तर गांधीनगर! मिरजेकडून कोल्हापूरला जाताना वळिवडे स्टेशन लागते, त्याच्या लगतची ही सिंधी व्यापाऱ्यांची वसाहत. परंतु सिंधी बांधव तिथे आले ते फाळणीनंतर. त्याआधी पाच वर्षे तिथे पोलंडची माणसे राहत होती, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. वळिवडे आणि बैलकुप्पे या दोन जागांना जोडणारा एक धागा आहे. तो आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, कारण त्याचे एक टोक आपल्या माहेराला आहे आणि दुसरे आपण पोट भरायला आलो त्या मुलखाला.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या पोलिश कुटुंबांना थंडीच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी दारे ठोठावून, मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. पुढे १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली तेव्हा रशिया आणि लंडनमधले हद्दपार पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. सुटका म्हणजे काय, तर जिथे आहात तिथून चालू लागा! हजारो लोक दक्षिणेकडे निघाले. आईबाप वाटेत टायफॉईड आणि उपासमारीने गेले, पोरे उरली. १९४२ मध्ये लाखाच्या वर पोलिश माणसे इराणमध्ये पोहोचली. इराण त्या सर्वांना कायमचे ठेवून घेऊ शकत नव्हता.

इथे आपल्या गोष्टीतली पहिली बाई येते. किरा बनासिन्स्का. तिचा नवरा युजेनिउश बनासिन्स्की मुंबईला पोलंडचा कॉन्सुल जनरल होता. वकिलाच्या बायकोने मेजवान्या द्याव्यात, फार तर युद्धनिधीसाठी विणकाम करावे, अशी त्या काळची रीत. या बाईने पोलिश रेड क्रॉसची भारतातली प्रतिनिधी म्हणून काम अंगावर घेतले. मुंबईहून मदतीचे सामान भरून ट्रक रशियाच्या सीमेकडे गेले आणि तेच ट्रक परत येताना अनाथ मुलांना घेऊन आले. मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो वाळवंटातला रस्ता. १९४२ च्या वसंतात ही मुले मुंबईला वांद्र्याला उतरली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी छावणी उभारून दिली. त्या छावणीचे प्रमुख होते फादर फ्रान्सिशेक प्लुता. जामसाहेबांचे नाव आज पोलंडमध्ये शाळेला आहे, चौकाला आहे, आणि ते योग्यच आहे.

पण संख्येने मोठी छावणी आपल्या वळिवड्याची. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, रेल्वेलाईनच्या कडेला, सुमारे पाच हजार माणसांसाठी ती बांधली गेली. हवा चांगली, पाणी जवळ, गाडी दाराशी, म्हणून ही जागा निवडली गेली. इराणमधून जहाजाने कराची, आणि तिथून पुढे आगगाडीने वळिवडे असा बहुतेकांचा प्रवास झाला.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या भागात अभिमानाने सांगतात की छत्रपतींनी या पाच हजार लोकांना पोसले. ते तसे नाही. कोल्हापूरने जागा दिली, आसरा दिला, परक्यांना आपल्यात वावरू दिले. पण छावणीच्या खर्चाचा बोजा लंडनमधल्या पोलिश सरकारने उचलला होता आणि युद्धानंतर तो आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनांकडे गेला. बालाचडीच्या मुलांसाठी मात्र वेगळा निधी उभा राहिला आणि त्यात संस्थानिकांनी व टाटांसारख्या उद्योगपतींनी पैसे घातले. कोल्हापूरच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मला वाटत नाही. उलट, पैशाची बाजू नीट कळली म्हणजे किरा बनासिन्स्कासारख्या माणसांचे काम काय होते ते कळते. लंडनचा पैसा, दिल्लीचे इंग्रज अधिकारी, संस्थानचे दरबारी, आणि मधे आईविना मुले. या सर्वांच्या दारी जाऊन कागद हलवायचे, कपडे आणायचे, औषधे आणायची, शिक्षक मिळवायचे. ज्यांनी सरकारी कचेरीत एक अर्ज पुढे सरकवला आहे, त्यांना हे काय काम असते ते सांगायला नको.

बालाचडी आणि वळिवडे यांत एक फरक होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बालाचडी ही अनाथ मुलांची छावणी, तिथे मुले वसतिगृहासारखी एकत्र राहत. वळिवड्यात मुख्यतः आया आणि मुले अशी कुटुंबे. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली खोली, आपली चूल होती. भत्ता मिळे आणि त्यात घरचे घर चालवायचे. बाजाराला आजूबाजूच्या गावचे लोक भाजी, अंडी, दूध घेऊन येत. त्या बाया मोडकेतोडके मराठी बोलून भाव करीत आणि आमच्याकडच्या बायका मोडकेतोडके पोलिश. चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत, बालवीर पथके होती. शाळा तर प्राथमिकपासून थेट शिक्षक तयार करणाऱ्या वर्गापर्यंत, आणि सारे पोलिश भाषेत. छातीचे दुखणे असलेल्या मुलांना पाचगणीला ठेवत. छावणी चालवणाऱ्यांनी मुलांना नुसते जगवले नाही, त्यांची भाषा जिवंत ठेवली. परमुलखात वाढणाऱ्या मुलांची भाषा टिकवणे किती अवघड, हे आपण, ज्यांची मुले घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलतात, ते चांगले जाणतो. शिवाय आपल्यामागे गाव आहे. त्यांच्यामागे काही नव्हते.

खरी परीक्षा युद्ध संपल्यावर आली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सामधल्या नव्या, रशियाच्या छायेतल्या सरकारला दिली. एका दिवसात बनासिन्स्की पतिपत्नींचा अधिकार गेला. कालपर्यंत ज्यांच्या सहीने छावणीचा कारभार चाले ते आज कोणी नव्हते. नवे सरकार म्हणू लागले, अनाथ मुले आमची, ती परत द्या. वरवर पाहता मागणी रास्त. पण त्या मुलांची गावे आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती, सरहद्द सरकून ती रशियात गेली होती. ज्यांनी आईबापांना हद्दपार केले त्यांच्याच पंखाखाली मुलांना पाठवायचे काय? बालाचडीच्या अनाथ मुलांच्या बाबतीत जामसाहेब आणि फादर प्लुता यांनी कायदेशीर पालकत्व स्वतःकडे घेऊन ही सक्ती टाळली. यावरून फादर प्लुतांवर मुले पळवल्याचा आरोपही झाला. मुलाचे हित कशात, हे मुलाच्या वतीने दुसऱ्याने ठरवायचे आणि चुकले तर जन्माचे चुकले! संस्था चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला याहून अवघड दिवस येत नाही.

१९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तिथली मुले वळिवड्याला आली. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होत गेली. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडला. एका मुलीने कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केले आणि ती कोल्हापूरकरीण झाली. रिकाम्या बराकींत सिंधमधून उखडलेली कुटुंबे आली. एका निर्वासिताची चूल थंड होते न होते तोच दुसऱ्याची पेटली. किराबाईही मायदेशी परतल्या नाहीत. त्यांचा उत्तरकाळ हैदराबादेत गेला.

आता धागा दक्षिणेकडे वळतो. वांदा डिनोव्स्का ही १८८८ मध्ये जन्मलेली पोलिश थिऑसॉफिस्ट बाई १९३५ मध्ये भारतात आली. गांधीजींच्या सहवासात ती उमादेवी झाली. पोलिश निर्वासित आले तेव्हा या देशाची ओळख आपल्या मुलांना व्हावी म्हणून तिने कष्ट घेतले आणि मद्रासमध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढून भगवद्गीतेसह अनेक ग्रंथ पोलिशमध्ये आणले. तिचा सोबती मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना तो म्हैसूर संस्थानात बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यावर आला. आपल्यासारखाच नोकरीसाठी आलेला म्हणा ना! पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती राज्य दिले त्या प्रयोगात तो होता, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या कल्पनेतही होता. (आपल्यातले गलाईवाले बंधू आटपाडी-खानापूरचे, त्यांना स्वतंत्रपूर सांगायला नको. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तीच प्रेरणा.) निसर्गदत्त महाराजांचे मराठी बोल इंग्रजीत आणून ‘आय ॲम दॅट’ हा ग्रंथ १९७३ मध्ये जगापुढे ठेवणारा तो हाच.

१९५९ मध्ये तिबेटचा उठाव चिरडला गेला, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो माणसे. सिक्कीममध्ये त्या वर्षांत भारताचे राजकीय अधिकारी होते औंधचेच आप्पासाहेब पंत. निर्वासितांना डोंगराळ भागात रस्ते बांधायच्या कामावर लावले गेले. आईबाप खडी फोडत आणि तान्ही मुले कडेला पडून असत. १७ मे १९६० रोजी तशा छावणीतून ५१ मुले धर्मशाळेला आणली गेली, आजारी, उपाशी. दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी ती सांभाळली आणि एक शिशुगृह सुरू झाले. जागा अपुरी, अंथरूण अपुरे. मुले येतच राहिली. १९६४ मध्ये त्सेरिंग डोल्मा वारल्या आणि काम धाकट्या बहिणीवर, जेत्सुन पेमा यांच्यावर आले. वय जेमतेम चोवीस, युरोपातून शिकून आलेल्या. त्यांनी ते पुढे बेचाळीस वर्षे, २००६ पर्यंत केले. पोरांनी भरलेल्या एका मोठ्या दालनाऐवजी लहान लहान घरे, प्रत्येक घराला एक आई, भावंडांसारखी मुले आणि सगळ्यांनी मिळून घरकाम अशी रचना तिथे रुजली. बालाचडी आणि वळिवडे यांतला जो फरक वर सांगितला, त्याचेच उत्तर इथे निराळ्या माणसांनी निराळ्या वाटेने शोधले. आईविना मुलाला चूल कशी द्यायची, हा तो प्रश्न. हे ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ आज बैलकुप्प्यातही आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. १९८० नंतर तिबेटातले आईबाप आपली मुले या शाळांत शिकावीत म्हणून परक्या माणसांसोबत हिमालय ओलांडून पाठवू लागले. कित्येकांची पुन्हा भेट झाली नाही. शाळा चांगली होती म्हणूनच मुले आईपासून तुटली, असेही म्हणता येईल. २००८ नंतर चीनने सीमा आवळली आणि येणारी मुले जवळजवळ थांबली.

आपल्या म्हैसूर राज्याने सुमारे ३००० एकर जंगलजमीन दिली आणि १९६०-६१ मध्ये बैलकुप्प्याची पहिली वसाहत उभी राहू लागली. हत्तींचा उपद्रव, न मानवणारी उष्ण हवा, आणि मक्याची शेती नव्याने शिकायची. पुढे मुंडगोड, हुणसूर, कोळ्ळेगालजवळ ओडेयरपाळ्य अशा वसाहती याच राज्यात झाल्या. फ्रीडमननेही तिबेटी पुनर्वसनाच्या कामात श्रम घेतले. आणि सत्तरी ओलांडलेली उमादेवी धर्मशाळेला तिबेटी मुलांत जाऊन राहिली. जिने कधी आपल्या देशाची पोरकी मुले पाहिली होती, तिने म्हातारपणी दुसऱ्या देशाची पोरकी मुले जवळ केली.

२१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान वॉर्सामध्ये गेले तेव्हा जामसाहेबांच्या स्मारकाबरोबर तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढेही नतमस्तक झाले. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे. उमादेवीचे असे मोठे स्मारक इकडे नाही. २० मार्च १९७१ रोजी ती म्हैसुरात, म्हणजे आपल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत, वारली. तिला बैलकुप्प्याला नेण्यात आले आणि तिबेटी लोकांनी बौद्ध पद्धतीने तिचे अंत्यसंस्कार करून तिथल्याच मातीत तिला ठेवले. पुढच्या खेपेला पाहुण्यांना घेऊन सोनेरी मंदिराला जाल तेव्हा तिथल्या एखाद्या वृद्ध लामांना उमादेवीबद्दल विचारून पाहा.