स्थावर मालमत्ता निर्देशांक फंड

स्थावर मालमत्ता निर्देशांक फंड : जमीन-इमारतींच्या व्यवसायातील, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा किंवा भाडेन्यासांचा एखादा ठरलेला निर्देशांक घेऊन, त्यात ज्याचे जेवढे वजन तेवढ्याच प्रमाणात पैसे गुंतवणारी म्युच्युअल फंड योजना. असा फंड स्वतः एक चौरस फूट जागाही विकत घेत नाही. कोणता शेअर घ्यावा आणि कोणता टाळावा हे त्याचा व्यवस्थापक ठरवत नाही; निर्देशांकात बदल झाला की त्याप्रमाणे खरेदी-विक्री करणे एवढेच त्याचे काम. म्हणून खर्च कमी, आणि म्हणूनच फंडाचे बरेवाईट पूर्णपणे निर्देशांकाच्या घडणीवर अवलंबून.

ही घडण देशोदेशी सारखी नाही. अमेरिकेत या नावाचा फंड घेणारा मुख्यतः घरमालकाच्या भूमिकेत जातो : बांधून झालेल्या, भाड्याने दिलेल्या मालमत्तांच्या उत्पन्नात त्याचा वाटा असतो. भारतात ‘रिअल्टी’ निर्देशांकाचा फंड घेणारा मुख्यतः बिल्डरचा भागीदार होतो. पहिल्याचे पैसे भाड्यातून येतात, दुसऱ्याचे फ्लॅट विकून. दोन्ही धंद्यांची चाल, जोखीम आणि उत्पन्नाची वेळ वेगळी असल्यामुळे अमेरिकी फंडाबद्दल वाचलेले नियम भारतीय फंडाला लावणे ही या विषयातली सर्वांत महागडी गल्लत आहे.

अमेरिकी फंडाचे मूळ रीट या संस्थेत आहे. 14 सप्टेंबर 1960 रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याने ती अस्तित्वात आली. गंमत अशी की हा कायदा मुळात सिगारवरील अबकारी कराला मुदतवाढ देणारा होता. रीट म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणारा आणि बाजारात ज्याचे हिस्से विकले जातात असा न्यास किंवा कंपनी. तिने करपात्र उत्पन्नापैकी किमान 90 टक्के रक्कम भागधारकांना वाटली, तर वाटलेल्या रकमेवर तिला कंपनी कर लागत नाही. मालमत्तेचा किमान तीन-चतुर्थांश भाग स्थावरात असला पाहिजे आणि भागधारक किमान 100 असले पाहिजेत, अशाही अटी आहेत. नफा साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे वाढायचे तर कर्ज काढावे लागते किंवा नवे हिस्से विकावे लागतात. रीटवर व्याजदराचा एवढा परिणाम का होतो, याचे अर्धे उत्तर या अटीत आहे.

व्हॅनगार्ड या संस्थेने मे 1996 मध्ये रीट निर्देशांक फंड काढला. याच संस्थेचे संस्थापक जॉन बोगल यांनी 1976 साली सर्वसामान्यांसाठीचा पहिला निर्देशांक फंड बाजारात आणला होता. रीट फंडाचा शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा, म्हणजे ईटीएफ स्वरूपाचा वर्ग 2004 साली आला. 2018 मध्ये फंडाने आपला निर्देशांक बदलला आणि नावातले ‘रीट’ जाऊन ‘रिअल इस्टेट’ आले. त्याआधी 2016 साली शेअरांच्या जागतिक वर्गीकरणात स्थावर मालमत्तेला वित्तक्षेत्रातून वेगळे काढून स्वतंत्र क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. नव्या निर्देशांकात मोबाइलचे मनोरे उभारणाऱ्या आणि जागांची दलाली-देखभाल करणाऱ्या कंपन्याही आल्या. आज या फंडात दीडशेच्या आसपास नावे आहेत, त्यांत गोदामे, डेटा सेंटर, मनोरे, मॉल आणि वृद्धांच्या सेवा-निवासांचे मालक ठळक आहेत. राहत्या घरांचा हिस्सा त्या मानाने थोडा. ‘घरांच्या किमती वाढणार’ म्हणून हा फंड घेणारा माणूस प्रत्यक्षात मोबाइल कंपन्यांकडून येणाऱ्या मनोऱ्यांच्या भाड्यावरही पैसे लावत असतो.

भाडे स्थिर असले तरी फंडाची किंमत स्थिर राहत नाही. फेब्रुवारी 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकी रीटांचे भाव सुमारे दोन-तृतीयांशाने कोसळले. इमारती जागेवर होत्या, बहुतेक भाडेकरूही होते. पण मुदत संपलेली कर्जे नव्याने द्यायला कोणी तयार नव्हते. 2022 मध्ये कारण वेगळे होते. अमेरिकी मध्यवर्ती बँकेने एकाच वर्षात व्याजदर जवळपास शून्यावरून चार टक्क्यांच्या वर नेले आणि व्हॅनगार्डचा हा फंड त्या वर्षी सुमारे 26 टक्के उतरला. सरकारी रोखा विनाजोखीम चार टक्के देत असेल, तर तेवढेच देणाऱ्या रीटला आधीचा भाव कोण देणार?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी गुंतवणूकदारांना यात दोन गोष्टी लागू होतात. रीटचा लाभांश बहुतांशी साध्या उत्पन्नासारखा, म्हणजे चढ्या दराने करपात्र असतो, म्हणून असा फंड तिकडे शक्यतो निवृत्तिवेतन खात्यात ठेवतात. दुसरी अधिक गंभीर : अमेरिकेत करदाता असताना भारतातला म्युच्युअल फंड, मग तो निर्देशांक फंड का असेना, विकत घेतल्यास तिथला करकायदा त्याला ‘पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी’ समजतो. मग फॉर्म 8621 भरणे आणि अतिशय जाचक दराने कर, दोन्ही मागे लागते. मायदेशातल्या जागांच्या ओढीने घेतलेला फंड असा अंगाशी येऊ शकतो.

भारतात या क्षेत्राचा सर्वपरिचित निर्देशांक म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी रिअल्टी. त्यात दहा कंपन्या असतात, वर्षातून दोनदा त्यांची फेरतपासणी होते, आणि वजन ठरते ते प्रवर्तकांकडे नसलेल्या, बाजारात खुल्या असलेल्या शेअरांच्या मूल्यावर. एका कंपनीचे वजन 33 टक्क्यांपुढे आणि पहिल्या तिघींचे मिळून 62 टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी मर्यादा आहे. एवढी सैल मर्यादा असली की विविधीकरण हा शब्द जपूनच वापरलेला बरा. डीएलएफ, लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज, प्रेस्टिज, ओबेरॉय रिअल्टी, फिनिक्स मिल्स ही त्यातली वजनदार नावे. यादी वाचताना मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे येतो : गोदरेज म्हणजे विक्रोळी, ओबेरॉय म्हणजे गोरेगाव, लोढा म्हणजे डोंबिवलीजवळचे पलावा. फिनिक्स मिल्स तर 1905 साली लोअर परळमध्ये सुरू झालेली कापडगिरणी. भोंगा बंद झाला, गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला, आणि कंपनीने नावातली ‘मिल्स’ तेवढी ठेवली. दुकानांच्या भाड्यावर चालणारी ही कंपनी आणि कार्यालयांच्या भाड्याचा मोठा आधार असलेली डीएलएफ सोडल्यास निर्देशांकाचा बहुतेक भार बांधून विकणाऱ्यांवर आहे.

बांधून विकण्याच्या धंद्यात नफा दिसतो उशिरा. एप्रिल 2018 पासून लागू झालेल्या इंड एएस 115 या हिशेबमानकानंतर बहुतेक विकासक फ्लॅटची रक्कम विक्रीच्या खात्यात धरतात ती इमारत पूर्ण होऊन ताबा देण्याच्या टप्प्यावर. बुकिंग झाले, हप्ते आले, पण भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही. तर ती रक्कम ताळेबंदात ग्राहकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणून देण्याच्या बाजूला बसते. मग एका तिमाहीत ओसी हाती येते आणि चार वर्षांचा नफा एकदम कागदावर उतरतो. यामुळे या कंपन्यांचे भाव-नफा गुणोत्तर वाचून फारसे काही हाती लागत नाही. जाणकार तिमाहीतली बुकिंगची रक्कम, प्रत्यक्ष वसुली आणि निव्वळ कर्ज हे तीन आकडे पाहतात. निर्देशांक फंड मात्र यातले काहीच पाहत नाही.

त्याची किंमत काय असू शकते ते इतिहासात आहे. निफ्टी रिअल्टीची पायाभूत तारीख 29 डिसेंबर 2006, पायाभूत आकडा 1000. जानेवारी 2008 मध्ये तो 1800 च्या वर होता; मार्च 2009 पर्यंत त्यातले सुमारे 90 टक्के मूल्य गेले. नंतरच्या तेजी-मंदीतून तो पुन्हा हजारापार गेला तो 2024 मध्ये, आणि त्या वर्षीच्या तेजीतही 2008 चे शिखर दूरच राहिले. लाभांश धरला तरी चित्र फारसे बदलत नाही, कारण हे क्षेत्र लाभांश देते तुटपुंजा. याच काळात मुंबई-पुण्यातल्या घरांच्या किमती कितीतरी पटींनी वाढल्या. वाढ झाली जमिनीची. कर्जबाजारी कंपन्यांच्या भागधारकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. तेव्हाच्या निर्देशांकात युनिटेक आणि एचडीआयएल होत्या. एचडीआयएल 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि त्याच वर्षी तिच्या थकीत कर्जांनी पीएमसी बँकेचे ठेवीदार रस्त्यावर आणले. निर्देशांकातून कंपनी बाहेर पडते ती तिचे मूल्य घसरून गेल्यावर; तोवर फंड तिच्यासोबत खाली जात राहतो.

स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा 2016 चा रेरा कायदा आणि त्याखाली मे 2017 मध्ये सुरू झालेले महाराष्ट्राचे प्राधिकरण महारेरा यांनी धंद्याला बरीच शिस्त लावली. प्रकल्पाच्या ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि त्याच प्रकल्पावर खर्च करणे बंधनकारक झाले. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत घालण्याची जुनी चाल अवघड झाली, लहान विकासक मागे पडले आणि शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांकडे काम सरकले. कोविडनंतरच्या तेजीचे एक कारण हे आहे. या निर्देशांकावरचे फंड आले तेही तेजी बरीच पुढे गेल्यावर : एचडीएफसी आणि टाटा या दोन्ही म्युच्युअल फंडांच्या निफ्टी रिअल्टी निर्देशांक योजना 2024 च्या पूर्वार्धातल्या. क्षेत्र चढल्यावर त्यावरची नवी योजना निघणे ही फंडव्यवसायाची जुनी खोड आहे.

भाड्याचे उत्पन्न हवे असणाऱ्यासाठी भारतातही रीट आहेत. बाजारनियामक सेबीने त्यांचे नियम 26 सप्टेंबर 2014 रोजी जाहीर केले. पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, बाजारात यायला 1 एप्रिल 2019 उजाडले. 2020 मध्ये माइंडस्पेस, 2021 मध्ये ब्रुकफील्ड, 2023 मध्ये मॉलवाला नेक्सस सिलेक्ट आणि 2025 मध्ये नॉलेज रिअल्टी ट्रस्ट आले. ऐरोलीतली माइंडस्पेसची संकुले, नरिमन पॉइंटचा एक्सप्रेस टॉवर्स, औंधचा वेस्टएंड मॉल अशा ओळखीच्या वास्तूंचे भाडे यांतून युनिटधारकांना मिळते. किमान 80 टक्के मालमत्ता पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी, वाटपयोग्य रोकडीपैकी 90 टक्के वाटावी आणि वाटप किमान सहा महिन्यांतून एकदा व्हावे, असे नियम आहेत. सुरुवातीला अर्ज किमान दोन लाखांचा लागे. 2021 पासून ती अट दहा ते पंधरा हजारांवर आली आणि बाजारात एक युनिटही घेता येऊ लागले. हातात पडणारी रक्कम व्याज, लाभांश आणि कर्जपरतफेड अशा तुकड्यांत येते व प्रत्येकाचा कर निराळा, हे विवरणपत्र भरताना कळते.

या न्यासांचा निफ्टी रीट्स अँड इन्व्हिट्स निर्देशांक एप्रिल 2023 पासून आहे. त्यात कार्यालये-मॉलांबरोबर विजेच्या वाहिन्या आणि टोलरस्ते बाळगणारे इन्व्हिटही असल्यामुळे तो निखळ स्थावराचा निर्देशांक नाही. 1 जानेवारी 2026 पासून म्युच्युअल फंडांच्या गुंतवणुकीपुरते रीटांना समभागांत धरावे आणि 1 जुलै 2026 पासून समभागांच्या निर्देशांकांत त्यांचा समावेश करता यावा, असा निर्णय सेबीने घेतला आहे. परदेशी रीटांत पैसे नेणाऱ्या काही भारतीय योजना आहेत, पण त्या फंड-ऑफ-फंड स्वरूपाच्या आणि सक्रिय व्यवस्थापनाच्या. शिवाय परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे 2022 पासून त्यांची दारे उघडझाप करत आली आहेत.

निफ्टी रिअल्टी निर्देशांक फंडाला समभाग योजनेचा कर लागतो : एक वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर 20 टक्के, त्यानंतर वर्षाकाठी सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. योजना निवडताना डायरेक्ट (वितरकाविना घेण्याचा) पर्याय, खर्चाचे प्रमाण आणि निर्देशांकाच्या मागे फंड किती पडतो तो फरक, एवढे तपासले की पुरे. एकाच निर्देशांकावरच्या दोन फंडांत याहून वेगळे काही नसते.

दुसरा फ्लॅट घ्यावा की हा फंड, हा मध्यमवर्गीय घरांतला नेहमीचा वाद. फ्लॅटला मुंबईत साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि भाडेकरूंची उस्तवार लागते, आणि भाडे येते किमतीच्या दोन-चार टक्के. फंड पाचशे रुपयांच्या एसआयपीवर घेता येतो आणि दोन-तीन दिवसांत मोडता येतो. पण फ्लॅटमागे बँक ऐंशी टक्के कर्ज देते, त्यात राहता येते, आणि त्याचा भाव रोज पडद्यावर दिसत नसल्याने घसरणीत तो घाबरून विकला जात नाही. रिअल्टी निर्देशांक फंड घराची जागा घेत नाही आणि भाड्याचीही घेत नाही. तो दहा कंपन्यांवरचा, जोरदार चढउतारांचा क्षेत्रीय फंड आहे, आणि एकूण गुंतवणुकीत त्याला लहानच वाटा द्यावा. नियमित उत्पन्नासाठी, विशेषतः निवृत्तांनी, तो घेऊ नये.