वैमानिकाचा विसावा

विमान थकत नाही, वैमानिक थकतो. एवढी साधी गोष्ट विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत शिरावयास कित्येक दशके लागली, आणि ती पुरती शिरली आहे असे आजही म्हणवत नाही. विमानविद्येचा इतिहास सांगताना आपण इंजिनांची शक्ती, वेग आणि उंची ह्यांचे आकडे देतो. परंतु हे यंत्र हाकणाऱ्या माणसाने रात्र कोठे काढावी, किती तास झोपावे आणि त्याचे बिऱ्हाड कोणत्या गावी असावे, ह्यालाही एक इतिहास आहे. तोच, श्रोते हो, आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

पायी डाकेच्या काळी ह्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरच मिळे. ठरावीक अंतरावर चौकी असे. थैली पुढे जाई आणि थकलेला हरकारा मागे राही. आपल्या देशात विमानाने टपाल नेण्यास आरंभ झाला, तेव्हा हीच रीत नकळत उचलली गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ जातीचे एक लहानसे विमान घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेले पेट्रोल भरून ते दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून टपालाची थैली नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी उचलली आणि मद्रासची वाट धरली. पण त्यांना त्या दिवशी मद्रास गाठता आले नाही. रात्री उड्डाण करण्याची सोय त्या मार्गावर नव्हती. म्हणून बेल्लारीस मुक्काम पडला आणि मद्रास दुसऱ्या दिवशी आले.

हा मुक्काम कोणी वैमानिकाच्या सोयीसाठी ठेवला नव्हता. सूर्य मावळला म्हणून तो पडला. वैमानिकाचा तळही निसर्गच ठरवी. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलपाण्याने निकामी होई; मग टाटांच्या हवाई सेवेचे सारे बिऱ्हाड चार महिने पुण्यास हलवावे लागे. विमाने, कारागीर आणि वैमानिक असे सगळेच घाट चढून जात. तळ बदलणे म्हणजे काय, ह्याचा आपल्याकडील हा आद्य धडा होय.

सूर्याची ही सत्ता अमेरिकेत मात्र आधीच संपली होती. तेथे टपालाच्या हवाई मार्गावर दीपस्तंभांची रांग उभारण्यात आली आणि १ जुलै १९२४ पासून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टपाल अहोरात्र जाऊ लागले. अंधाराने दिलेला विसावा दिव्यांनी काढून घेतला. आता विमान केव्हा थांबेल हे आभाळ ठरवीत नव्हते, कंपनी ठरवीत होती. आणि कंपनीला थांबण्यात तोटा होता. १९३१ साली डेव्हिड बेन्की ह्यांच्या पुढाकाराने तेथील वैमानिकांनी आपला संघ स्थापन केला. मे १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने आपला ८३ व्या क्रमांकाचा निवाडा दिला. कोणत्याही वैमानिकाने महिन्यात ८५ तासांहून अधिक उड्डाण करू नये, असे त्यात ठरले. रात्रीच्या तासाला दिवसाच्या तासापेक्षा अधिक वेतन देण्याचेही तत्त्व त्यात मान्य झाले. जे काम पूर्वी मावळता सूर्य करी, ते आता कायद्याच्या कलमाकडे आले.

महिन्याला ८५ तास हा आकडा ऐकून कचेरीत किंवा शाळेत राबणाऱ्या माणसाला हेवा वाटेल. परंतु हे तास केवळ उड्डाणाचे असतात. वैमानिकाच्या कामाची घडण समजून घेतल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही.

प्रत्येक वैमानिकाला कंपनी एक मूळ तळ नेमून देते. तेथून निघून, दोनचार शहरे हिंडून, पुन्हा तेथेच परतणे ही त्याची एक फेरी. फेरी कधी एका दिवसाची असते, कधी चार-पाच दिवसांची. अशा फेऱ्या ओवून महिन्याचा तक्ता तयार होतो. अमेरिकेसारख्या देशांत हे तक्ते वैमानिकांपुढे ठेवले जातात आणि ज्याची नोकरी जुनी त्याची निवड आधी होते. नव्या माणसाच्या वाट्याला उरलेसुरले येते: सणावाराची उड्डाणे, अपरात्रीच्या वेळा आणि कोणाला नको असलेला तळ. एखादा तळ कंपनीने बंद केला किंवा लहान केला, म्हणजे तेथील माणसांनी घर मोडून दुसऱ्या गावी जावे, नाही तर घर तेथेच ठेवून कामावर जाण्यासाठीच आधी विमानप्रवास करावा. पुष्कळजण दुसरा मार्ग पत्करतात. कारण मुलांच्या शाळा आणि म्हाताऱ्या आईबापांची दुखणी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हलविता येत नाहीत.

परगावच्या मुक्कामाचेही तसेच. लांबलचक मुक्काम पाहणाऱ्याला सहल वाटतो. १९३५ साली पॅन अमेरिकन कंपनीने पॅसिफिक महासागरावरून मनिलापर्यंत टपालसेवा सुरू केली, तेव्हा मिडवे आणि वेक ह्या बेटांवर तिला राहण्याची सोय मुद्दाम उभारावी लागली. चहूंकडे पाणी, आणि वैमानिक पुढच्या उड्डाणाची वाट पाहत बसलेला! उड्डाणाच्या तासांवर वेतन ठरणार असेल, तर मुक्कामाचे तास त्याला फारसे काही मिळवून देत नाहीत. मुक्काम अगदी अपुरा असला तर झोप होत नाही. दूरदेशी असला तर दिवस-रात्र उलटी होऊन अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही.

आता पुन्हा आपल्या देशाकडे वळू. ३० जानेवारी १९४९ रोजी नागपूरला एक विलक्षण योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री विमाने निघत, अपरात्री नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास पोहोचू लागले. योजना म्हणून तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. ह्या फेरीत मुक्काम नव्हता. वैमानिक सकाळी आपल्या घरी असे. परंतु ज्या प्रहरी सारे गाव गाढ झोपलेले असते, नेमक्या त्याच प्रहरी त्याला डोळ्यांत तेल घालून जागावे लागे. रात्री २ ते सकाळी ६ ह्या वेळेत मनुष्याच्या शरीराची सावधानता सर्वांत खाली उतरते, हे आज शास्त्राने मान्य केले आहे. ती रात्रीची टपालसेवा आता इतिहासजमा झाली. रातोरात जाऊन पहाटे परतण्याची रीत मात्र उरली.

ह्या रीतींची किंमत केव्हा मोजावी लागते? १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर कंपनीचे एक विमान घरावर कोसळले आणि ५० माणसे दगावली. दोघाही वैमानिकांचा तळ न्यूअर्क येथे होता. घरे मात्र दूर होती. सहवैमानिक महिला रात्रभर विमानांतून प्रवास करीत देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिॲटलहून, कामावर आली होती. कप्तानाने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. चौकशी समितीने अपघाताचे मुख्य कारण कप्तानाची चुकीची कृती हेच ठरविले. थकव्याचा परिणाम दोघांवर झाला असणे संभवनीय आहे, परंतु तो किती झाला हे निश्चित सांगता येत नाही, असेही तिने नमूद केले. थकव्याचा हाच दुष्टपणा आहे. तो मागे ठसा ठेवीत नाही.

पुढच्याच वर्षी असा घाव आपल्या अगदी जवळ बसला. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ जणांपैकी ८ वाचले, १५८ गेले. आखातात राबून घरी परतणारी माणसे त्यांत होती. वैमानिक आदल्या संध्याकाळी मंगळूरहून निघून, दुबईस मुक्काम न करता, त्याच रात्री परतले होते. वेळ सकाळी ६ च्या सुमाराची. कप्तान प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सुचविले. कप्तानाने ते मानले नाही. गाढ झोपेतून उठल्यावर बुद्धीवर राहणारी गुंगी हे एक साहाय्यक कारण चौकशी न्यायालयाने नोंदविले.

ह्यानंतर नियम कडक झाले. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून कामापूर्वी किमान १० तासांचा विसावा बंधनकारक झाला. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विसावा ३६ तासांवरून ४८ तासांवर नेला आणि वैमानिकाने रात्री विमान उतरविण्याची मर्यादा ६ वरून २ वर आणली. अंमलबजावणी मात्र लांबत गेली. ती जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत झाली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीचा, इंडिगोचा, तक्ताच कोलमडला. नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिक तिने सज्ज ठेवले नव्हते. ५ डिसेंबर ह्या एका दिवशी हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. तेव्हा विमानतळांवर खोळंबलेल्या प्रवाशांसाठी सरकारने तिला काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली.

प्रवाशांचे हाल खरेच होते. कोणाचे लग्न, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरचे प्रेत खोळंबले असेल. तथापि संताप कोणावर करावयाचा, हे नीट पाहिले पाहिजे. विसाव्याच्या नियमाने उड्डाणे बंद पाडली, असे म्हणणे सोपे आहे. वास्तविक जो विसावा पूर्वीच द्यावयाचा होता, तो न देता चाललेला कारभार त्या आठवड्यात उघडा पडला. आम्हां ख्रिस्ती मंडळींना सातव्या दिवसाचा विसावा देवाज्ञा म्हणून शिकविला जातो. त्या आज्ञेत धन्याबरोबर चाकराचा आणि बैलाचाही विसावा सांगितला आहे, ही गोष्ट येथे आठवते. थकलेल्याने आपला विसावा मागावा आणि धन्याने तो दया म्हणून द्यावा, अशी ती गोष्ट नव्हे.

बेल्लारीस त्या रात्री थैली थांबली, तेव्हा मद्रासचे टपाल एक रात्र उशिरा पोहोचले. त्या उशिराने कोणाचे काही बिघडले नाही. आपले विमान उशिरा सुटणार आणि कारण वैमानिकाचा विसावा अपुरा आहे, असे कधी कानी आले, तर चरफडण्यापूर्वी प्रवाशाने एवढे ध्यानी घ्यावे की तो विसावा त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या हिशेबी जमा होत आहे.