आधी तोल, मग वेग : रेडिओ-नियंत्रित विद्युत नौकेची जुळणी

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण मराठवाड्यात थट्टेने आणि थोड्या अभिमानानेही म्हटली जाते. योगायोग असा, की रेडिओच्या साह्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या नौकांच्या छंदात जर्मनीचे स्थान खरोखरच वरचे आहे. १९३० मध्ये तेथे स्थापन झालेल्या ग्राउप्नर कंपनीचे नौकासंच जगभरातील अनेक पिढ्यांनी जोडले. परभणीला समुद्र नाही, नौकानयनाची परंपराही नाही. मात्र पूर्णेवरील येलदरी, सेलूजवळील निम्न दुधना, गोदावरीवरील ढालेगावचा बंधारा आणि गावोगावची शेततळी, एवढे पाणी या जिल्ह्यात आहे. असा छंद जोपासू पाहणाऱ्याला पाण्याची वाण पडू नये. वाण पडते ती हे पाणी कशासाठी वापरावे आणि कशासाठी वापरू नये, या माहितीची.

या छंदाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी तारेविना चालणारी नौका हौदात फिरवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागाने नौकाप्रतिकृती हा स्पर्धेचा विषय ठेवला आणि महाराष्ट्रातील अनेक छात्रांचा या कलेशी परिचय तेथेच झाला. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केल्यानंतर या पट्ट्यावरील रेडिओसंच वापरणे सोपे झाले. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर दोन नौका एकत्र सोडल्या, की एकीच्या सुकाणूवर दुसऱ्याचा हात पडत असे. तो प्रकार आता उरलेला नाही.

बाजारातून आणलेली नौका पाण्यात सोडताच सुसाट धावेल, ही अपेक्षा मात्र बहुधा फोल ठरते. ती नाक उडवते, एका कुशीवर कलते, वळणावर उलटते. आणि मालक अधिक शक्तीची मोटर घेण्याचा विचार करू लागतो. येथेच पैसा वाया जातो. डळमळणाऱ्या नौकेला जास्त शक्ती दिली, तर ती लवकर उलटते, एवढेच.

पाण्यावर चढणे

साठ सेंटिमीटर लांबीची नौका घेऊ. संथ गतीने जाताना ती पाणी बाजूला सारत, स्वतःच उठवलेल्या लाटेच्या कुशीत चालते. ही लाट ओलांडण्याची मर्यादा नौकेच्या लांबीवर ठरते. मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला १.२५ ने गुणले, की सेकंदाला किती मीटर, हे ढोबळमानाने मिळते. साठ सेंटिमीटरसाठी हा वेग ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढाही नाही. त्यापुढे जायचे तर नौकेला लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरावे लागते. वेगवान नौकेचा तळ सपाट किंवा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असतो, तो यासाठीच. पूर्ण वेगात तिचा फक्त मागचा थोडा भाग पाण्याला टेकलेला असतो. एवढ्याशा टेकूवर सगळा तोल सांभाळायचा असल्याने पाच मिलिमीटरचा फरकही जाणवतो.

म्हणून पहिले काम पट्टी घेऊन तळ तपासण्याचे. पोलादी पट्टी तळाच्या मागच्या भागावर लांबीच्या दिशेने धरावी आणि पट्टीखालून उजेड येतो का, ते पाहावे. तेथे खळगा असेल तर नाक खाली दाबले जाते; फुगवटा असेल तर नौका बेडकासारखी उड्या मारते. खळगा इपॉक्सीने भरून, फुगवटा पॉलिश पेपरने घासून तळ सरळ करता येतो. तळ जेथे मागे संपतो, ती कड धारदार हवी. गोलसर कडेला पाणी चिकटून राहते आणि नौकेला खाली ओढते. हे काम फुकटात होते, म्हणूनच की काय, ते सहसा कोणी करत नाही.

गुरुत्वमध्य आणि बॅटरीची जागा

विद्युत नौकेत सर्वांत जड वस्तू बहुधा बॅटरी, आणि हलवता येण्याजोगीही तीच. एकधडी 'व्ही' तळाच्या नौकेचा गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून एकूण लांबीच्या साधारण ३० टक्के अंतरावर ठेवून सुरुवात करावी. साठ सेंटिमीटरच्या नौकेत हे अंतर अठरा सेंटिमीटर होते. नौका दोन बोटांवर तोलून ही जागा शोधावी आणि धडावर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. बॅटरीखाली व्हेल्क्रोची पट्टी असली, म्हणजे ती पुढेमागे सरकवता येते.

खुणा ओळखायला शिकले, की निम्मी जुळणी झाली. नाक लयीत वर-खाली आपटत असेल, तर वजन फार मागे आहे. बॅटरी पाच मिलिमीटर पुढे घ्यावी. उलट नौका पाणी नांगरत चालली, दोन्ही बाजूंनी ओली दिसली आणि वळताना नाक रुतून गर्रकन फिरली, तर वजन फार पुढे गेले आहे. डावी-उजवीकडे झुलण्याचा दोष सर्वांत त्रासदायक. तो बहुधा वेग वाढल्यावरच प्रकट होतो आणि त्याची कारणे एकाहून अधिक असतात. बॅटरी शक्य तितकी तळाशी बसवणे आणि मागच्या ट्रिम टॅब म्हणजे धातूच्या छोट्या पट्ट्या किंचित खाली वाकवणे, हा त्यावरचा पहिला उपाय.

एका कुशीवर कलण्याचे कारण वेगळे आहे. पंखा ज्या दिशेने फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेने नौकेचे धड पिळले जाते. मागून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर नौका डावीकडे कलते. बॅटरी काही मिलिमीटर उजवीकडे सरकवून किंवा डावा ट्रिम टॅब किंचित खाली करून ती सरळ करता येते. टॅब खाली घेतला, की ओढ वाढते आणि वेग घटतो. म्हणून आधी बॅटरी, मग टॅब, हा क्रम पाळावा.

पंख्याची उंची, कोन आणि माप

वेगवान नौकांचा पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत फिरतो, हे प्रथम पाहणाऱ्याला चुकीचे वाटते. पण पाण्याखालच्या दांड्याची आणि आधाराची ओढ कमी करण्याचा तोच मार्ग आहे. पंख्याच्या दांड्याला मागे ज्या आधारात फिरवतात, त्याला स्ट्रट म्हणतात. सुरुवातीला दांडा तळाला समांतर आणि त्याची मध्यरेषा तळाच्या मागच्या कडेच्या पातळीत असावी. स्ट्रटचे मागचे टोक खाली झुकवले, तर पंखा मागची बाजू उचलतो आणि नाक दबते. ते टोक वर केले, तर नाक उचलले जाते. नाक फार उचलले गेल्यास समोरच्या वाऱ्यात अख्खी नौका उलथून पाठीवर पडू शकते. संपूर्ण स्ट्रट वर घेतला तर ओढ कमी होऊन वेग वाढतो. पण सुटताना पंखा हवा खातो आणि मोटर नुसती किंचाळते. अर्ध्या अंशाचा, अर्ध्या मिलिमीटरचा हा खेळ आहे.

अपेक्षित वेगाचा हिशेब कागदावर करता येतो. मोटरवर 'केव्ही'चा आकडा असतो; तो विनाभार स्थितीत दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, हे सांगतो. २००० केव्हीची मोटर आणि तीन कोशांची, ११.१ व्होल्टची बॅटरी घेतली, तर २२,२०० फेरे. भार पडल्यावर त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १७,८०० उरतात असे धरू. पंखा ४० मिलिमीटर व्यासाचा आणि त्याच्या आट्याचे गुणोत्तर १.४ असेल, तर तो एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे जायला हवा. गुणाकार ताशी साठ किलोमीटरच्या आसपास येतो. पाण्यात घसरण होतेच. तिचे १५ टक्के वजा केले, की सुमारे ५१ उरतात. खोक्यावर याहून फार मोठा आकडा छापलेला दिसला, तर तो कागदावरचाच समजावा.

वेग वाढवण्यासाठी मोठा पंखा लावण्याचा मोह येथे होतो. पण पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढते. ४० ऐवजी ४४ मिलिमीटरचा पंखा तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवायचा, तर दीडपट शक्ती लागते. विद्युतप्रवाह वाढतो आणि स्पीड कंट्रोलर जळतो. त्यापेक्षा आहे तोच पंखा काळजीपूर्वक धारदार करून तोलून घ्यावा. आडव्या गुळगुळीत तारेवर पंखा लटकवला असता एकच पाते सतत खाली येत असेल, तर ते जड आहे. त्याची पाठ थोडी घासावी. पंखा तोललेला नसेल तर त्याची थरथर बेअरिंग खाते आणि वेगही.

उन्हाळा आणि वीज

परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि या नौकांचे मोटर व कंट्रोलर तर नौकेखालच्या पाण्यानेच थंड होतात. मे महिन्यात दुपारी उथळ तळ्याचे पाणीच कोमट असते. दोन मिनिटांची फेरी झाली, की नौका काठाला घेऊन मोटरवर बोट टेकवावे. बोट टेकवून धरवत नसेल तर पंखा मोठा आहे किंवा शीतकरणाच्या नळीत शेवाळ अडकले आहे. नळीतून पाण्याची धार बाहेर पडते की नाही, ही प्रत्येक फेरीत काठावरून पाहायची गोष्ट आहे.

लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. पूर्ण भारित कोशाचा दाब ४.२ व्होल्ट असतो; भाराखाली तो ३.३ च्या खाली जाऊ देऊ नये. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून सरासरी ६० अँपिअर प्रवाह ओढला, तर ती पाच मिनिटांत रिकामी होते. क्षमतेच्या ८० टक्क्यांवर थांबायचे, म्हणजे चार मिनिटे. तेवढी वेळ गजरात लावून ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. उन्हात उभ्या मोटारीत बॅटरी ठेवणे हे मराठवाड्यात आगीला आमंत्रण आहे.

शेततळे की धरण?

राज्य सरकारच्या २०१६ मधील 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, तेवढेच रुंद आणि ३ मीटर खोल होते. ताशी चाळीस किलोमीटरने धावणारी नौका हे अंतर तीन सेकंदांच्या आत ओलांडते. तेव्हा शेततळे हे वेगाचे मैदान नव्हे. तोल पाहण्यासाठी, गळती शोधण्यासाठी आणि सुकाणू सरळ करण्यासाठी, तेही मालकाच्या परवानगीने आणि अर्ध्याहून कमी शक्तीवर, त्याचा उपयोग करावा.

शेततळ्याचा खरा धोका नौकेला नसून नौकेमागे उतरणाऱ्या माणसाला आहे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्याचा उतार ओला झाला, की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही आणि अशा तळ्यांत माणसे बुडाल्याच्या बातम्या राज्यात दरवर्षी छापून येतात. म्हणून सोबत दुसरी व्यक्ती, काठावरच्या भक्कम खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब, एवढी तयारी नौका खाली ठेवण्यापूर्वी हवी. कालव्याच्या वाहत्या पाण्यात तर नौका सोडूच नये.

वेगाच्या चाचणीसाठी मोठे जलाशय योग्य. पण येलदरीसारख्या धरणात दरवाजे आणि वीजगृहाकडे पाणी ओढले जाते. त्या बाजूस फिरकू नये आणि जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यावी. हे पिण्याचेही पाणी आहे, तेव्हा दांड्याला ग्रीस लावताना हात आखडता ठेवावा. हिवाळ्यातील सकाळी, वारा उठण्यापूर्वी, पाणी आरशासारखे असते तेव्हा चाचणी घ्यावी. काठावर ५० मीटर मोजून दोन काठ्या रोवाव्यात. ताशी ४० किलोमीटरने हे अंतर साडेचार सेकंदांत संपते. स्टॉपवॉचमध्ये दोन दशांश सेकंदांची चूक झाली, तरी वेगात जवळपास दोन किलोमीटरचा फरक पडतो. त्यामुळे जाताना आणि येताना, अशा तीन-तीन फेऱ्या घेऊन सरासरी काढावी. छोटे जीपीएस यंत्र धडात ठेवले तर उत्तमच. दर खेपेस एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. बॅटरी, स्ट्रट आणि पंखा एकदम बदलले, तर नौका सुधारली तरी कशाने सुधारली, हे कळत नाही.

रेडिओ लहरी पाण्यातून फारशा जात नाहीत. म्हणून ग्राहकयंत्राची तार धडाच्या वरच्या बाजूस उभी असावी. संदेश तुटताच मोटर बंद पडेल, अशी 'फेलसेफ'ची मांडणी करून ती तपासावी. त्यासाठी नौका हातात घट्ट धरावी, पंखा अंगापासून दूर ठेवावा आणि हातातला संच बंद करून पाहावा. धडाच्या पोकळीत फोमचे तुकडे भरले, म्हणजे उलटलेली नौका बुडत नाही. काही नौकांना एका बाजूस उघडा कप्पा असतो. नौका उलटताच त्यात पाणी शिरून ती आपोआप सरळ होते. नवख्याने शक्य तर अशीच नौका घ्यावी.

आणि नौका मध्येच बंद पडली, जलपर्णीत पंखा गुरफटला, तर? मासेमारीच्या गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो नौकेच्या पलीकडे फेकावा आणि दोरी हळूहळू ओढावी. तेही जमले नाही तर वारा तिला काठाला लावेपर्यंत थांबावे. संध्याकाळ झाली तरी थांबावे. काठाला लागल्यावर आधी बॅटरी सोडवावी, पाणी ओतून टाकावे, दांडा बाहेर काढून पुसावा, त्याला नवे ग्रीस लावावे आणि बॅटरी दर कोशाला ३.८ व्होल्टवर आणून सावलीत ठेवावी.