मुक्त व्यापार करार म्हणजे काय, विरोध का होतो? कोप्पीकर रोडच्या शर्टापासून इचलकरंजीच्या मागापर्यंत

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर सणाच्या आधी कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शर्टाचा रंग बघतो, माप बघतो, भाव पाडून मागतो. आतल्या लेबलवर कुठल्या देशाचं नाव आहे, हे मात्र फार कमी लोक बघतात. मुक्त व्यापार कराराचा सगळा वाद त्या लेबलात आहे. हा विषय दिल्लीचा वाटतो, पण त्याचा हिशेब बेळगावच्या शहापूर-वडगावच्या विणकरापर्यंत आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारापर्यंत येतो. म्हणून ही मूलभूत माहिती एकत्र देत आहोत.

करार म्हणजे नेमकं काय?

परदेशी माल बंदरात उतरला की त्यावर सरकार आयात शुल्क घेतं. समजा 300 रुपये किमतीचा शर्ट आला आणि शुल्क 20 टक्के आहे, तर तिथेच 60 रुपये वाढले. दोन देशांनी किंवा देशांच्या गटाने एकमेकांच्या बहुतेक मालावरचं हे शुल्क कमी करायचं किंवा शून्यावर आणायचं ठरवलं, की तो मुक्त व्यापार करार. ज्या वस्तूंना सवलत द्यायची नाही, त्या 'संवेदनशील यादी'त किंवा वगळलेल्या यादीत जातात. यादीत आपला माल आहे की नाही, यावर अनेक धंद्यांचं भवितव्य ठरतं.

भारत-श्रीलंका करार मार्च 2000 पासून लागू आहे. आसियान देशांशी मालाचा करार आणि दक्षिण कोरियाशी करार 1 जानेवारी 2010 पासून, तर जपानशी ऑगस्ट 2011 पासून. अलीकडे संयुक्त अरब अमिराती (मे 2022) आणि ऑस्ट्रेलिया (डिसेंबर 2022) यांच्याशी करार लागू झाले. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या.

माल कुठला, हे कोण ठरवतं?

सवलत फक्त करारातल्या देशात तयार झालेल्या मालाला मिळते. त्यासाठी 'मूळ देशाचे नियम' असतात. आसियान करारात साधारणपणे मालाच्या किमतीतला किमान 35 टक्के वाटा त्या गटातला असावा लागतो, शिवाय कच्च्या मालाचं रूपही पुरेसं बदललेलं असावं लागतं. हे नियम ढिले असले, की तिसऱ्याच देशाचा माल मागच्या दाराने येतो.

कपड्याचंच उदाहरण बघा. साफ्टा कराराखाली भारताने नोव्हेंबर 2011 मध्ये बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांसाठी संवेदनशील यादी 480 वरून 25 वस्तूंवर आणली. तयार कपडे शुल्कमुक्त झाले. पुढे ऑगस्ट 2018 मध्ये सरकारने 328 कापड-वस्तूंवरचं शुल्क 20 टक्के केलं, पण बांगलादेशाला ते लागू नव्हतं. चीनचं कापड तिथे शिवून शून्य शुल्काने इकडे येतं, अशी आपल्या कपडे उद्योगाची तक्रार तेव्हापासूनची आहे. 17 मे 2025 रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या नाक्यांतून बंदी घालून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली.

म्हणजे शुल्क वाढवलं तरी एक दार उघडं असेल, तर मागावरच्या माणसाला त्याचा उपयोग होत नाही. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर आणि मीटरवर ठरते. कापडाला भाव नसला की व्यापारी खर्चीवाल्याचा दर पाडतो, खर्चीवाला पाळी बंद करतो. शेवटी फटका बसतो तो कामगाराला.

विरोध कधी आणि कुणी केला?

आसियान कराराला केरळात मोठा विरोध झाला. रबर, मिरी, नारळ उत्पादकांच्या प्रश्नावर 2 ऑक्टोबर 2009 रोजी तिथल्या डाव्या आघाडीने राज्यभर मानवी साखळी केली. पुढचे आकडे बोलके आहेत. आसियानशी भारताची व्यापार तूट 2010-11 मध्ये सुमारे 5 अब्ज डॉलर होती, ती 2022-23 मध्ये सुमारे 43 अब्जांवर गेली. सगळी तूट करारामुळेच, असं म्हणता येत नाही. पण कराराचा फेरविचार करायला सरकारनेच आसियानकडे आग्रह धरला, हेही खरं.

दुसरं उदाहरण आरसीईपीचं. चीनसह 15 देशांच्या या गटात भारत सामील होणार म्हटल्यावर 2019 मध्ये शेतकरी संघटना, दूध संघ, पोलाद आणि कापड उद्योग एका बाजूला आले. कर्नाटकातही दूध उत्पादकांचा विरोध होता, कारण न्यूझीलंडची दूध पावडर स्वस्तात आली तर डेअरीचा खरेदी दर पडणार. 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधानांनी भारत सामील होणार नाही, असं जाहीर केलं. विरोध नेहमी वाया जातो असं नाही, हे त्या दिवशी दिसलं.

दुसरी बाजू

करारामुळे आपल्या मालालाही बाजार मिळतो. ब्रिटनमध्ये बांगलादेशी कपड्यांना शून्य शुल्क आणि भारतीय कपड्यांना 12 टक्क्यांपर्यंत शुल्क, अशी स्थिती होती. नव्या करारात हे शुल्क शून्यावर आणायचं ठरलं आहे. सुटे भाग बाहेर पाठवणाऱ्या बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला बंद दारं परवडत नाहीत. ग्राहकालाही स्वस्त माल हवाच असतो. त्यामुळे 'सगळे करार वाईट' ही भूमिका टिकत नाही. मात्र त्याच ब्रिटन करारात केंद्र सरकारची काही खरेदी ब्रिटिश पुरवठादारांना खुली झाली आहे, त्याचा लघुउद्योगांवर काय परिणाम होईल, हा प्रश्नही तितकाच खरा.

हुबळीचाच धडा : बेंगेरी

कोप्पीकर रोडपासून बेंगेरी काही लांब नाही. तिथला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ 1957 चा. भारतीय मानक ब्युरोच्या निकषांनुसार खादीचा राष्ट्रध्वज इथे तयार होतो. कामाला बहुतेक महिला. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. 2022 मध्ये संघाने त्याविरुद्ध आंदोलन केलं. यात कुठलाच व्यापार करार नव्हता. हातमागाला दिलेलं संरक्षण घरच्याच एका दुरुस्तीने गेलं. त्यामुळे लक्ष फक्त परदेशावर ठेवून भागत नाही.

संरक्षण मिळतं का?

कागदावर मिळतं. स्वस्तात माल ओतला जात असेल तर अँटी-डंपिंग शुल्क लावता येतं. सप्टेंबर 2020 पासून मूळ देशाचा पुरावा आयातदाराकडे मागण्याचे नियमही लागू आहेत. पण अँटी-डंपिंगच्या अर्जाला देशातल्या किमान 25 टक्के उत्पादनाचा पाठिंबा लागतो, शिवाय खर्च आणि तोट्याचे आकडे द्यावे लागतात. मोठ्या कंपनीला ते जमतं. चार माग घेऊन बसलेल्या खर्चीवाल्याने हे आकडे कुठून आणायचे?

शिवाय परदेशी व्यापार हा केंद्राचा विषय. करारावर सही करण्याआधी संसदेची मंजुरी घेण्याचं बंधन नाही, राज्यांना विचारण्याचंही नाही. शेती मात्र राज्याच्या यादीत!

त्यामुळे नवीन कराराची बातमी आली की तीन गोष्टी विचारा. आपल्या भागातला माल संवेदनशील यादीत आहे का? मूळ देशाचा नियम किती कडक आहे? आणि सही होण्याआधी विणकर, कामगार, दूध उत्पादक यांना कुणी विचारलं का? आपल्या खासदाराला पत्र लिहायचं असेल तर हेच तीन प्रश्न लिहा. आणि पुढच्या वेळी कोप्पीकर रोडवर शर्ट घेताना भाव करण्याआधी लेबल उलटून बघा.