राजधानी बऱ्हाणपूरला, कबरी थाळनेरला

धुळ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, साताऱ्याला गादी, कोल्हापूरला गादी, नागपूरला भोसले. मग आपल्या खानदेशात राजा कोण?" मी "फारूकी" एवढे एका शब्दात सांगितले आणि पुढच्या धड्याकडे वळलो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. निवृत्तीनंतर मात्र त्या एका शब्दाची लाज वाटू लागली आणि मी थाळनेरला गेलो.

थाळनेर आज शिरपूर तालुक्यातले एक मोठे गाव आहे. माझी मावशी 'थायनेर' म्हणायची, कारण आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. गाव तापीच्या काठावर आहे. किल्ल्याच्या एका अंगाला नदीचे पात्र आणि बाकी बाजूंना घळ. ही जागा पाहिली की पहिली राजधानी इथेच का झाली, ते वेगळे सांगावे लागत नाही.

१३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख जहागीर दिला. दिल्लीची पकड सैल होताच मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. हे घराणे आपले मूळ खलिफा उमर फारूक यांच्याशी जोडत असे, म्हणून ते फारूकी. १३९९ मध्ये मलिक राजा वारला आणि थाळनेरलाच त्याचे दफन झाले.

राजधानी हलवली ती त्याच्या मुलाने, नासीर खानाने. त्याची नजर अशीरगडावर होती. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरणारी वाट सातपुड्याच्या ज्या खिंडीतून येते, तिच्यावर हा गड पहारा देतो. गड आसा अहिराच्या ताब्यात होता. फरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली हकिगत अशी, की नासीर खानाने आपल्या बायकामुलांना गडावर आसरा मागितला आणि डोल्यांमधून सैनिक पाठवले. अहिराणी बोलणाऱ्या आम्हा लोकांना ही हकिगत ऐकताना नेमके कोणाच्या बाजूने उभे राहावे, हे चटकन कळत नाही. गड देणारा अहीर आमचा, आणि घेणाऱ्याने उभारलेले राज्यही आमचेच.

गडाच्या पायथ्यापासून काही अंतरावर, तापीच्याच काठी, नासीर खानाने बऱ्हाणपूर वसवले. खुलताबादला ज्यांची दर्गा आहे त्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव शहराला दिले. समोरच्या काठावरच्या जैनाबादला शेख जैनुद्दीन यांचे. थाळनेर तोवर धाकट्या भावाच्या वाट्याला होते. १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन नासीर खानाने तेही जिंकले.

आता मला थाळनेरला नेणारा खरा मुद्दा. नासीर खान १४३७ मध्ये वारला आणि त्याला थाळनेरला आणून बापाशेजारी पुरले. त्याचा मुलगा मीरान आदिल खान १४४१ मध्ये बऱ्हाणपुरात मारला गेला. तोही थाळनेरला. नातू मीरान मुबारक खान १४५७ मध्ये गेला, तोही थाळनेरलाच. दरबार नव्या शहरात भरत होता, पण घराण्याचे 'गाव' अजून थाळनेरच होते. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस जसा शेवटी गावच्या मातीची आस धरतो, तसेच काहीसे. त्यानंतर मात्र कबरी बऱ्हाणपूरला होऊ लागल्या. माझ्या मते राजधानी खऱ्या अर्थाने हलली ती तेव्हा.

थाळनेरच्या या कबरी घुमटाच्या, दगडी, चौरस बांधणीच्या आहेत. एक तेवढी अष्टकोनी आणि अधिक कोरीव. मी गेलो तेव्हा दुपार होती. आत गारवा होता आणि बाहेर शेळ्या सावलीला बसल्या होत्या.

बऱ्हाणपूरचे वैभव सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या जामा मशिदीत राजा अली खानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला, शके १५११ चा. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि फारूकींची सुमारे २३० वर्षांची सत्ता संपली. शहर मात्र मोगलांच्या हाती आणखी वाढले. जमिनीखालून पाणी आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना तेव्हाची. १६३१ मध्ये मुमताजमहल याच शहरात वारली आणि आग्र्याला नेण्याआधी तिचा देह जैनाबादला होता. त्याच शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना ज्या मुक्कामांची नोंद करतो, त्यांत नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा आहेत.

थाळनेरचा दुसरा अंत १८१८ चा. तेव्हा किल्ला होळकरांचा होता. जानेवारीत झालेल्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख इंग्रजांकडे गेला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे आली. किल्लेदार तुळशीराम मामा स्वाधीन झाला, पण शेवटच्या दरवाज्याशी आत शिरलेले इंग्रज अधिकारी आणि अरब शिबंदी यांच्यात झटापट झाली आणि दोन अधिकारी मारले गेले. मग सुमारे ३०० शिबंदी कापली गेली आणि शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी दिले. हा प्रकार खुद्द इंग्रजांनाही खटकला. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने फौजेचे आभार मानले, पण थाळनेरच्या फाशीवर पसंतीची मोहोर उठवायचे टाळले. लंडनमध्ये ज्या गावावर वाद झाला, त्याचे नाव आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना फक्त एसटीच्या पाटीवर भेटते.

इंग्रजांनी खानदेश जिल्हा केला तेव्हा मुख्य ठाणे धुळ्याला आले. बऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहिले, पुढे मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात गेले. १९०६ मध्ये खानदेशचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. अशा वाटण्यांमध्ये राजधानी एका राज्यात आणि पहिल्या राजांच्या कबरी दुसऱ्या राज्यात राहिल्या. तिकडचे लोक बऱ्हाणपूरचा इतिहास नासीर खानापासून सांगतात. आपण खानदेशचा सांगताना बऱ्हाणपूर परके म्हणून सोडून देतो. मधल्या मध्ये थाळनेर कोणाच्याच हिशेबात येत नाही. राजे परधर्मी होते म्हणून, की वंशज भांडायला उरले नाहीत म्हणून, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

तो विद्यार्थी आता भेटला, तर मी त्याला एक शब्द सांगणार नाही. एक रस्ता सांगेन. आधी थाळनेरला जा, कबरींपाशी थोडा बस, किल्ल्याच्या दरवाज्याच्या जागी उभा राहा. मग चोपडा, यावल, फैजपूर, रावेर करत बऱ्हाणपूर गाठ. डाव्या हाताला सातपुडा आणि उजव्या हाताला तापीचे खोरे, दोन्ही सोबत असतात. राज्याची सीमा मध्ये कुठेतरी येते. पाटी वाचली नाही, तर ती कळतही नाही.