वैमानिकरहित विमानांची मोडतोड आणि दुरुस्तीचा खर्च : एक ऐतिहासिक विवेचन

विमानविद्येच्या इतिहासात नव्या यंत्राच्या पहिल्या उड्डाणाची तारीख काळजीपूर्वक नोंदलेली असते. तेच यंत्र मोडल्यावर कोणी, कशाच्या साहाय्याने आणि किती खर्चात पुन्हा उभे केले, याची नोंद क्वचितच आढळते. आज ड्रोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैमानिकरहित विमानाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. ज्या विमानात माणसे बसतात त्याच्या दुरुस्तीत जीविताचे रक्षण हा पहिला विचार असतो व खर्चाचा विचार त्यामागून येतो. ड्रोनमध्ये माणूस नसल्यामुळे मोडलेला भाग सांधावा, बदलावा की सबंध यानच टाकून द्यावे, हा प्रश्न बव्हंशी हिशेबाचा होतो. दुरुस्त करण्याजोगे काय आणि टाकून देण्याजोगे काय, यांमधील सीमारेषा यंत्राच्या घडणीने कायमची आखलेली नसते. यान परत कसे येते आणि दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती असते, या दोन गोष्टींनी ती वेळोवेळी ठरत आली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

या विचाराचा आरंभ तोफखान्याच्या सरावासाठी बनविलेल्या लक्ष्य-विमानांपासून करणे सोयीचे होईल. ब्रिटनमध्ये डी हॅविलंड कंपनीचे ‘क्वीन बी’ हे विमान १९३५ मध्ये प्रथम उडाले. ते ‘टायगर मॉथ’ या प्रशिक्षण-विमानाचेच रूपांतर होते. तथापि टायगर मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर क्वीन बीचे धड जुन्या मॉथ विमानांप्रमाणे लाकडी होते. लाकूड स्वस्त पडे, शिवाय ते पाण्यावर तरंगे. सुमारे चारशेच्या संख्येने बांधलेल्या या विमानांना चाकांऐवजी तरंडे बसवून समुद्रावर उतरविण्याचीही सोय होती. जे यंत्र तोफांच्या तोंडी द्यावयाचे, तेही वाचले तर परत यावे व पुन्हा वापरता यावे, ही अपेक्षा त्याच्या रचनेतच अंतर्भूत होती. अमेरिकी नौदलाने याच धर्तीवर काम सुरू केले, तेव्हा १९३६ च्या सुमारास ‘ड्रोन’ हा शब्द रूढ झाला. त्याचा मूळ अर्थ मधमाश्यांतील नर असा असून ‘क्वीन बी’ म्हणजे राणीमाशी या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो.

अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी या चित्रपट-अभिनेत्याने स्थापिलेल्या रेडिओप्लेन कंपनीने याहून लहान यान सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी जवळजवळ पंधरा हजार याने तयार झाली. ओक्यू-२ या नमुन्याला परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे होते. पुढील ओक्यू-३ मध्ये एकच पंखा ठेवण्यात आला, चाके काढून टाकण्यात आली आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा अधिक मजबूत करण्यात आला. उतरण्यासाठी हवाई छत्री होतीच. या फेरफाराचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. छत्रीने जमिनीवर आदळणाऱ्या यानाची चाके व नाजूक जोडण्या प्रथम मोडतात. म्हणून जे मोडणारच ते मुळातूनच वगळावे आणि जे वाचवावयाचे ते दणकट करावे, असे धोरण येथे दिसते. दुरुस्तीचा विचार कार्यशाळेतून निघून आराखड्याच्या मेजावर पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

२

या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण व्हिएतनाम युद्धात सापडते. रायन कंपनीच्या ‘फायरबी’ या जेट लक्ष्य-विमानावरून मॉडेल १४७ ही टेहळणीची याने तयार करण्यात आली. ‘लाइटनिंग बग’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट १९६४ पासून १९७५ पर्यंत आग्नेय आशियात त्यांच्या ३,४३५ मोहिमा झाल्या आणि पाचशेहून अधिक याने नष्ट झाली. मालवाहू विमानाच्या पंखाखालून ती सोडली जात व काम आटोपल्यावर हवाई छत्रीने खाली येत. टेहळणीची छायाचित्रे बहुतांशी फिल्मवर घेतलेली असत. यान परत आले नाही तर फिल्मही हाती लागत नसे. म्हणून परतीला येथे असाधारण महत्त्व होते.

परंतु परत आलेले यान धड असेलच असे नव्हते. जमिनीवर आदळल्याने धड चेपे, पंख वाकत. समुद्रात उतरल्यास खारे पाणी इंजिनात व विद्युत्-यंत्रणेत शिरे आणि गंज चढण्यापूर्वी ते धुऊन काढावे लागे. शत्रूच्या हातून सुटलेले यान परतीच्या आघाताने निकामी व्हावे, ही विसंगती होती. तिच्यावर उपाय म्हणून यानाला हवेतच झेलण्याची पद्धत १९६६ पासून वापरात आली. मुख्य छत्रीच्या वर एक लहान छत्री उघडे. हेलिकॉप्टर तिच्यावरून जाऊन आपल्या आकड्यांत ती अडकवी. मग मुख्य छत्री सुटून जाई आणि यान दोरावर लोंबकळत तळावर आणले जाई. अशा २,७४५ प्रयत्नांपैकी २,६५५ यशस्वी झाले, म्हणजे यशाचे प्रमाण शेकडा सुमारे ९६.७ पडते.

या पद्धतीमागील हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. यानाची किंमत शंभर एकके धरू व ते सरासरी आठ उड्डाणे टिकते असे मानू. म्हणजे सात वेळा ते परत येईल आणि आठव्या वेळी नष्ट होईल. प्रत्येक परतीनंतर जमिनीवरील आघातामुळे पंधरा एककांची दुरुस्ती लागली, तर सात परतींचा खर्च एकशे पाच, म्हणजे मूळ किमतीहून अधिक होतो. हवेत झेलल्यामुळे तीच दुरुस्ती तीन एककांवर आली, तर एकूण खर्च एकवीस भरतो. यान जितके दीर्घायुषी, तितका दुरुस्तीचा वाटा वाढत जातो, हे येथे उघड होते. एकाच उड्डाणात नष्ट होणाऱ्या यानाला दुरुस्तीचा खर्चच नसतो. ‘टॉम कॅट’ या टोपणनावाचे यान १९७४ मध्ये नष्ट होण्यापूर्वी ६८ मोहिमा करून आले होते. अशा यानाच्या जीवनकथेत खरेदीपेक्षा कार्यशाळेचाच इतिहास मोठा असणार.

तथापि या हिशेबात एक बाब सहसा मांडली जात नाही. झेलण्यासाठी हेलिकॉप्टर, त्याचे वैमानिक व दोर हाताळणारे कर्मचारी लागत आणि त्या कामात त्यांच्या जिवाला धोका असे. यानातून माणूस वगळला, पण ते यान वाचविण्यासाठी माणसाला पुन्हा हवेत जावे लागले. दुरुस्तीचा खर्च नाहीसा झाला नव्हता. त्याचे स्थान बदलले होते.

३

नागरी वापरातील ड्रोनने या सीमारेषेला निराळे वळण दिले. २०१३ मध्ये डीजेआय कंपनीचे ‘फँटम’ बाजारात आल्यानंतर चार पंख्यांचे लहान यान सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या मुळाशी असणारी गुंतागुंतीची यांत्रिक जोडणी येथे नाही. पंख्यांची गती कमीअधिक करूनच यान वळविले जाते. त्यामुळे वारंवार मोडणारा भाग, म्हणजे प्लास्टिकचे पाते, सर्वांत स्वस्त व हाताने बदलता येण्याजोगा झाला. मात्र किमतीचा भार कॅमेरा, त्याला स्थिर ठेवणारी त्रिअक्षीय चौकट व इलेक्ट्रॉनिक फलक यांच्याकडे सरकला. कागदाइतक्या पातळ पट्टी-तारेला चीर गेली तरी संपूर्ण चौकट बदलण्याची पाळी येते. भाग बदलल्यावर त्याची जुळणी उत्पादकाच्या संगणक-प्रणालीनेच करावी लागते असेही अनेकदा घडते. २०१६ पासून या कंपनीने आगाऊ वर्गणी व ठरावीक शुल्क घेऊन मोडलेल्या यानाऐवजी दुसरे यान देण्याची योजना सुरू केली. ग्राहकाला खर्चाची निश्चिती लाभली; परंतु मोडलेल्या यानाबरोबर ते का मोडले हे जाणण्याची संधीही कंपनीकडे गेली.

याच्या उलट टोकाला युक्रेनमधील युद्धात वापरलेली लहान स्फोटक याने आहेत. काही शे डॉलर किमतीची ही याने परत येण्यासाठी बनविलेलीच नसतात. तरीही त्यांची रचना शर्यतीच्या ड्रोनवरून घेतलेली असल्यामुळे सांगाडा, मोटर व नियंत्रण-फलक सुटे असतात आणि साध्या कार्यशाळेत डाख देऊन जोडता येतात. सर्वांत अल्पायुषी यान दुरुस्तीला सर्वांत सुलभ असावे, यावरून टिकाऊपणा व दुरुस्तीक्षमता हे दोन स्वतंत्र गुण आहेत हे सिद्ध होते.

४

भारतात हा प्रश्न सार्वजनिक धोरणाच्या रूपाने आला. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात काही अपवाद वगळून बंद करण्यात आली. सुट्या भागांच्या आयातीस मात्र परवानगीची अट ठेवली नाही. अशा रीतीने सुटा भाग व संपूर्ण यान यांतील भेद कायद्यानेच मान्य केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महिला स्वयंसाहाय्यता गटांना १५,००० ड्रोन पुरविण्याच्या १,२६१ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. खर्चाच्या शेकडा ८० पर्यंत, परंतु आठ लाखांच्या मर्यादेत, अनुदान त्यात होते. गटातील एका सदस्येला चालक म्हणून आणि दुरुस्तीच्या कामाकडे कल असणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला साहाय्यक म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद होती, हा तिचा महत्त्वाचा विशेष होय.

या तरतुदीचे मोल मागील इतिहासाच्या प्रकाशात कळते. फवारणीच्या ड्रोनमध्ये औषधाचे कण जोडण्यांत साचतात, तोट्या तुंबतात व बॅटरी अपघाताविनाही ठरावीक आवर्तनांनंतर क्षीण होते. विदर्भातील कापसाच्या वा नाशिककडील द्राक्षांच्या हंगामात यान आठवडाभर बंद राहिले, तर भागाच्या किमतीपेक्षा बुडालेल्या कामाची किंमत अधिक भरू शकते. अनुदानाने यानाची किंमत एकदा कमी होते. दुरुस्तीचा खर्च दर हंगामात नव्याने उभा राहतो, आणि तो पेलण्याची शक्ती गटाकडे नसेल तर यान गोदामात जाऊन पडते.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने खरेदीच्या आकड्यांवर थांबू नये. कोणता भाग किती वेळा बदलला, तो कोठून आला, किती दिवसांनी आला आणि कोणाच्या हातांनी बसला, यांची गटागटांतून व तालुक्याच्या दुरुस्ती-दुकानांतून होणारी नोंद हे उद्याच्या इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. अशा वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचे संकलन करणे हे विद्यापीठीय विभागांचे कर्तव्य ठरते.