जागा आपली, ताबा दुसऱ्याचा

नोकरीच्या काळात साठविलेल्या पैशातून कर्जत, तळेगाव किंवा कोकणातल्या एखाद्या गावी भूखंड घ्यावा आणि निवृत्तीनंतर तेथे टुमदार घर बांधावे, हा मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांचा बेत असतो. भूखंड घेतला जातो, कुंपण घातले जाते आणि पुढे वर्ष-दोन वर्षे तिकडे फिरकणे होत नाही. मग एके दिवशी फाटकावरचे कुलूप बदललेले आढळते, आत पत्र्याची शेड उभी असते आणि 'जागा आमचीच आहे' असे कोणी अनोळखी माणूस ठणकावून सांगतो. अशा वेळी संतापाच्या भरात उचललेले पाऊल मालकाच्याच अंगाशी येऊ शकते. मात्र हातावर हात ठेवून बसणे त्याहूनही महागात पडते.

गुन्हा केव्हा होतो?

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणे हा प्रत्येक वेळी फौजदारी गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२९ नुसार गुन्हा करण्याच्या अथवा ताबेदाराला धाक दाखविण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या किंवा त्याला त्रास देण्याच्या इराद्याने जागेत प्रवेश केला, किंवा कायदेशीरपणे शिरून त्याच इराद्याने तेथे ठाण मांडले, तरच ते फौजदारीपात्र अतिक्रमण ठरते. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेच कृत्य राहत्या घरात किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीत घडल्यास कारावासाची मर्यादा एक वर्ष आहे. दोन्ही गुन्हे दखलपात्र, पण जामीनपात्र आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांना मात्र जुन्या संहितेची कलमे लागू होतात.

'हे दिवाणी प्रकरण आहे' असे उत्तर पोलीस ठाण्यात अनेकांना ऐकावे लागते. म्हणूनच तक्रारीत केवळ मालकीचा उल्लेख पुरेसा नाही. कुलूप तोडले, धमकी दिली, सामान बाहेर फेकले, असा घटनाक्रम तारीख-वेळेसह लिहावा. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दाद मागावी. त्यानंतरही दखल न घेतल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वादातून शांतता भंग होण्याचा संभव असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ नुसार कार्यकारी दंडाधिकारी प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता, याची चौकशी करतात. दंडाधिकाऱ्यांकडे माहिती पोहोचण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत बळाने हुसकावलेल्या व्यक्तीचा ताबा कायम होता, असे ते मानू शकतात.

बळाचा वापर किती?

जागेत कोणी घुसत असताना त्याला अडविण्याचा अधिकार मालकाला आहे. न्याय संहितेतील खासगी संरक्षणाच्या तरतुदींनुसार मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढे बळ वापरता येते. पण पोलिसांची मदत घेण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा केल्यास मालकच आरोपी होतो. कुंपणात वीजप्रवाह सोडण्यासारखे उपाय तर कधीही करू नयेत. त्यात कोणाचा जीव गेला तर मालकावर गंभीर गुन्हा दाखल होतो.

घुसखोराचे बस्तान बसल्यानंतर परिस्थिती पालटते. एखाद-दुसऱ्या वेळी चोरून शिरल्याने ताबा सिद्ध होत नाही. मात्र मालकाला माहीत असूनही दीर्घकाळ शांतपणे टिकलेला ताबा 'स्थिर ताबा' मानला जातो. अशा व्यक्तीला खऱ्या मालकानेही कायदेशीर मार्गानेच बाहेर काढले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ आणि २०१९ मधील निकालांत स्पष्ट केले आहे. भाड्याचे गुंड आणून शेड पाडणे हा न्याय नव्हे, नवा गुन्हा होय.

सहा महिने आणि बारा वर्षे

मालकाने दोन मुदती पक्क्या लक्षात ठेवाव्यात. वकील ज्याला 'स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट' म्हणतात, त्या १९६३ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार बेकायदा हुसकावलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्यासाठी दावा करता येतो. येथे मालकी कोणाची, हे तपासले जात नाही; आधीचा ताबा आणि बेकायदा हुसकावणी एवढेच सिद्ध करावे लागते. या निकालाविरुद्ध अपील नाही. शासनाविरुद्ध मात्र या कलमाखाली दावा करता येत नाही. शेतजमिनीबाबत १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. तेथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे.

ही मुदत हुकली तरी मालकी हक्काच्या आधारे दावा करता येतो. परंतु घुसखोराचा ताबा मालकाच्या हक्काला उघडपणे आव्हान देणारा झाल्यापासून बारा वर्षांत तो दाखल झाला नाही, तर १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाचा हक्कच संपुष्टात येऊ शकतो. प्रतिकूल ताब्याच्या या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कठोर टीका केली होती. तथापि विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात बदलाची गरज नसल्याचे मत दिले आणि हे तत्त्व कायम राहिले.

रखवालदार आणि भाडेकरू

परवानगीने राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले, की रखवालदार, काळजीवाहू किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही.

'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. भाडेकरूला घालविण्यासाठी पाणी किंवा वीज तोडण्यास मात्र याच कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे.

मालकाने काय करावे?

* भूमी अभिलेख खात्याकडून जागेची मोजणी करून घ्यावी व हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात.
* खरेदीखत, सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक आणि कर भरल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.
* जागेला ठराविक काळाने भेट द्यावी आणि तारखेसह छायाचित्रे काढावीत.
* रखवालदार नेमताना लेखी करार करावा, त्याचे वेतन शक्यतो बँकेमार्फत द्यावे.
* अतिक्रमण दिसताच लेखी तक्रार द्यावी, वकिलामार्फत नोटीस पाठवावी. बांधकाम सुरू असेल तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मागावा.

या सर्वांत पैसा लागतो आणि वेळही जातो, हे खरे. पण ताबा हिरावला गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मालकाच्या हाती जे उपाय असतात, ते सातव्या महिन्यात उरत नाहीत. म्हणून 'पुढच्या सुटीत पाहू' हा विचार मनातून काढून टाकलेला बरा.